पानाच्या टोकाने चढणारी कळलावी

काकडीची वेल तणाव्यांनी चढते, मिरीची मुळांनी, गोकर्ण तर अख्खं खोडच काठीभोवती गुंडाळते. पण कळलावी? तिला वेगळे तणावे नाहीतच. ती चढते पानांनी!

वरच्या पानांकडे नीट बघा. पान टोकाकडे निमुळतं होत होत दोऱ्याइतकं बारीक होतं. हे टोक काडीला नुसतं टेकलं की हळूहळू वळायला लागतं आणि तिला घट्ट विळखा घालतं. आणखी गंमत म्हणजे, अगदी खालच्या पानांना ही युक्ती येत नाही.

कोकणात आणि सह्याद्रीत ही वेल भर पावसाळ्यात फुलते. कळी हिरवी, मान खाली घातलेली. उमलताना मात्र सहाही पाकळ्या मागे वळून वर जातात, वाऱ्याने उलटी झालेली छत्रीच जणू! कडा नागमोडी. रंग आधी हिरवट, मग पिवळा-लाल, शेवटी सगळं फूल लालभडक. खालून डोकावलात तर सहा पुंकेसर चहूबाजूंना पसरलेले दिसतील आणि स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच काटकोनात वळून बाजूला गेलेली. फुलपाखरू मध प्यायला आलं की त्याच्या पंखांना पराग लागतात आणि पुढच्या फुलावर पोचतात.

तमिळनाडूचं हे राज्यफूल आहे, आणि दूर आफ्रिकेतल्या झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल!

आता महत्त्वाचं. कळलावी मुळापासून बियांपर्यंत विषारी आहे. कंदही फार विषारी. रताळं समजून तो खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. यातलं विष म्हणजे कोल्चिसिन. तेच अगदी मोजून, कणभर दिलं की गाऊटने सुजलेल्या सांध्याचं दुखणं कमी होतं. बिनबियांच्या कलिंगडाचं बी तयार करतानाही ते कामी येतं. मला या वेलीचं सगळ्यात नवल वाटतं ते याचंच.

पण विष ते विषच, म्हणून घरात रांगतं बाळ, गाय किंवा कुत्रा असेल तर ही वेल लावूच नका. नसेल, तर जूनच्या सुरुवातीला मोठ्या माणसाला हातमोजे घालून कंद लावायला सांगा. कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो. तो आडवा ठेवायचा, वर साधारण 5 सेंटीमीटर माती. कोंब टोकाला असतो; टोक मोडलं तर वेल फुटत नाही. पाणी साचू देऊ नका, आणि बारीक काड्या रोवा, जाड बांबूला पानाचं टोक विळखा घालू शकत नाही.

पावसाळा सरला की वेल वाळून जाते. कंद मात्र मातीत जिवंत असतो. तेव्हा कुंडीत नावाची पाटी खोचून ठेवा, नाहीतर रिकामी कुंडी समजून कोणीतरी त्यात कोथिंबीर पेरेल!