साउंड बाथमध्ये रडू का येतं, मुंग्या का येतात, भीती का वाटते?

हे आजच्या भागाचं वाचण्यासाठीचं रूप. लोकलमध्ये हेडफोन सापडत नसतील किंवा ऐकताना एखादा मुद्दा निसटला असेल, तर इथे निवांत वाचा. भाषा बोलल्यासारखीच ठेवली आहे, माझे 'अं' आणि 'म्हणजे कसं की' तेवढे काढलेत.

आजचा विषय साउंड हीलिंग. पितळेची किंवा काशाची भांडी, मोठा गाँग, मंद दिवे, खाली मॅट आणि डोळ्यांवर पट्टी. पुण्या-मुंबईत आता वीकेंडला असं सेशन शोधावं लागत नाही, इन्स्टाग्रामच तुम्हाला शोधून काढतं. "याने फायदा होतो का?" हा नेहमीचा प्रश्न आज थोडा बाजूला ठेवू. मला दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलायचंय. शांत व्हायला गेलेल्या माणसाला मध्येच हुंदका का फुटतो? बोटांना मुंग्या का येतात? शेजारचा घोरत असताना आपल्यालाच उठून पळून जावंसं का वाटतं?

हा विषय घ्यायचं कारण सांगतो. माझ्या टीममधल्या एका मैत्रिणीची आई गेल्या वर्षी गेली. ऑफिसच्या वेलनेस दिवशी असं सेशन होतं. पंधराव्या मिनिटाला ती रडायला लागली आणि शेवटपर्यंत थांबलीच नाही. सेशन घेणाऱ्यांनी तिला सांगितलं, "तुमचं हार्ट चक्र ब्लॉक होतं, ते सुटतंय. आणखी सहा सेशन घ्या, नाहीतर अर्धवट राहील." त्यानंतर दोन आठवडे तिला नीट झोप नव्हती, आणि ती हे बरं होण्याचं लक्षण समजून गप्प बसली होती. ती गप्प बसली, हे मला खटकलं.

नोंद वेगळी, अर्थ वेगळा

मी बॅकएंडवर काम करतो. सर्व्हर अडकला की लॉगमध्ये ओळ येते. ती ओळ खरी असते, तिच्याशी वाद नाही. पण ती पाहून कोणी लगेच "डेटाबेसच बिघडलाय" म्हणालं, तर आपण विचारतो, कशावरून?

इथेही तेच. "मला रडू आलं" ही नोंद आहे. "छातीत धडधडलं" ही नोंद आहे. "ब्लॉकेज सुटलं", "टॉक्सिन बाहेर पडले" हे लावलेले अर्थ आहेत. नोंद शंभर टक्के खरी असू शकते आणि अर्थ पूर्ण चुकीचा. उलटंही होतं. अर्थ पटत नाही म्हणून घरचे नोंदच उडवून लावतात, "नाटकं करू नकोस" म्हणतात. दोन्हीकडे त्रास ज्याला झाला तोच अडचणीत येतो. म्हणून एकेक नोंद घेऊ आणि तिच्यामागे काय काय असू शकतं ते पाहू.

आधी भांड्यात काय होतं?

सिंगिंग बाऊलवर टोला मारला की आवाज 'वॉव-वॉव' असा लाटेसारखा वरखाली होतो. यात गूढ काही नाही. हाताने ठोकलेलं भांडं अगदी काटेकोर गोल नसतं आणि त्याची जाडीही सगळीकडे सारखी नसते. त्यामुळे एकाच टोल्यात दोन अगदी जवळच्या फ्रिक्वेन्सी निघतात. समजा एक २०० हर्ट्झची आणि दुसरी २०३ ची. मग सेकंदाला तीन वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. तानपुरा लावताना जोडीच्या दोन तारा जुळत आल्या की हाच हेलकावा हळू हळू होत जातो आणि तारा जुळल्या की थांबतो. गाणं शिकलेल्यांना हे लगेच कळेल.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाज फक्त कानाने कळत नाही. विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोरून गेलात तर छातीत जे हादरे बसतात, ते आठवा. आपल्या त्वचेत खोलवर पॅसिनियन नावाचे ग्राहक असतात. साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या कंपनांना ते सगळ्यात जास्त संवेदनशील असतात, आणि बऱ्याच भांड्यांचा नाद त्याच्या आसपास असतो. म्हणून भांडं छातीवर किंवा पोटावर ठेवून वाजवलं की "आतून काहीतरी हललं" असं वाटतं. ती संवेदना खरी आहे. पण त्यावरून आतला आजार हलला असं सिद्ध होत नाही.

मुंग्या, झटके, अंगावर काटा

अनेक सेशनची सुरुवात जोरजोरात, खोल श्वास घेण्याने होते. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि रक्त थोडं अल्कलीकडे झुकतं. त्यामुळे रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं आणि नसा लवकर चेतवल्या जातात. परिणाम काय, तर ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या, डोकं हलकं, कधी बोटं आखडणं. मी एका सेशनला गेलो होतो, तेव्हा माझी दोन्ही तळहातं अशी झिणझिणत होती. शेजारच्या मुलाला हेच "एनर्जी वाहतेय" म्हणून सांगितलं गेलं. मी श्वास नेहमीसारखा केला आणि तीन-चार मिनिटांत मुंग्या गेल्या.

अचानक पाय उडणं किंवा अंगाला झटका बसणं हे झोपेच्या उंबरठ्यावर बऱ्याच जणांना होतं. लेक्चरमध्ये डुलकी लागताना दचकलेले आपण सगळेच आहोत. आणि अंगावर काटा? कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलोरी सालिमपूर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं, की आवडतं संगीत ऐकताना असे शहारे येतात तेव्हा मेंदूत डोपामिन स्रवतं. तिथे लोकांनी स्वतः निवडलेलं संगीत होतं, भांड्यांचा नाद नव्हता, हे लक्षात ठेवा. पण नुसत्या आवाजाने शरीरात इतकं घडू शकतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

रडू का येतं?

आता मुख्य मुद्दा. आपला दिवस कसा जातो? स्टँडअप, ट्रॅफिक, रील्स, जेवताना वेब सिरीज. दुःखाला समोर यायला रिकामी जागाच मिळत नाही. सेशनमध्ये फोन बंद, डोळे बंद, पाऊण तास काहीच करायचं नाही. या नादाला शब्द नसतात, चालही नसते, त्यामुळे मन त्याच्या मागे न जाता स्वतःच्या आठवणींकडे वळतं. शिवाय अश्रुग्रंथींना चालना देते ती पॅरासिम्पथेटिक मज्जासंस्था, म्हणजे शरीर सैलावताना जी पुढे येते तीच. आणि अंधाऱ्या खोलीत कोणी एक जण रडला, की बाकीच्यांनाही रडायची परवानगी मिळाल्यासारखं होतं.

म्हणजे माझ्या मैत्रिणीचं रडणं समजायला चक्राची गरज नव्हती. आई गेली होती आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला शांत पडून राहायला मिळालं होतं. हे रडणं लाजण्यासारखं नाही. पण ते 'अर्धवट राहिलेलं काम' पण नाही, ज्यासाठी सहा सेशनचं पॅकेज घ्यावं लागेल.

शांत होतानाच भीती वाटते, असं कसं?

हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण याला मानसशास्त्रात नावसुद्धा आहे: रिलॅक्सेशनमुळे येणारी चिंता. १९८३ मध्ये हाइड आणि बोर्कोवेक यांनी यावर शोधनिबंध लिहिला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात हांजू किम आणि मिशेल न्यूमन यांनी ९६ विद्यार्थ्यांवर अभ्यास केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सतत काळजी करणाऱ्या माणसाला सैल व्हायचीच भीती वाटते. निवांत असताना अचानक वाईट बातमी आली तर जास्त जोरात आपटू, म्हणून मन आधीच ताणून धरलेलं बरं वाटतं. नेहमी ऑन-कॉल असलेल्या माणसाला सुट्टीतही फोन वाजल्याचा भास होतो, तसंच काहीसं.

ध्यानाबद्दलही असंच काम झालंय. ब्राउन विद्यापीठातल्या जेरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांच्या गटाने २०१७ मध्ये पाश्चात्त्य बौद्ध साधकांच्या मुलाखतींवरून ५९ प्रकारचे अनुभव नोंदवले. त्यात आनंद होता, तशी भीती, निद्रानाश आणि जुन्या आघाताच्या आठवणीही होत्या. ज्याने अपघात, मारहाण किंवा अत्याचार सोसलाय, त्याला डोळे बांधून अनोळखी लोकांत पडून राहणं आणि अचानक गाँगचा दणका बसणं हेच पुरेसं असू शकतं.

जे सांगितलं जातं, ते जाणवायला लागतं

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातला फिओना क्रायटन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग मला फार आवडतो. ५४ जणांना १० मिनिटं इन्फ्रासाउंड आणि १० मिनिटं चक्क शांतता ऐकवली, पण दोन्ही वेळा इन्फ्रासाउंडच आहे असं सांगितलं. आधी काहींना असा व्हिडिओ दाखवला, की या आवाजाने त्रास होतो. त्यांना शांततेतही त्रास जाणवला! ज्यांना 'काही होत नाही' असं सांगितलं होतं, त्यांच्यात तशी वाढ दिसली नाही.

सेशनच्या आधी "आज कोणाला उलटी होईल, कोणाला ताप येईल, ते डिटॉक्स आहे" असं सांगितलं, तर अर्धं काम तिथेच झालेलं असतं. फायद्याचंही असंच आहे. तमारा गोल्ड्स्बी यांच्या २०१७ च्या अभ्यासात ६२ जणांचा ताण, राग आणि थकवा भांड्यांच्या सेशननंतर कमी झाला होता. छान. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नुसतं तासभर शांत पडून राहिल्यावर किती फरक पडला असता, हे त्यातून कळत नाही.

इथे मात्र डॉक्टर

काही प्रतिक्रिया समजून सोडून द्यायच्या नसतात.

मोठ्या आवाजाने दर वेळी गरगरत असेल, समोरचं हलताना दिसत असेल, तर ईएनटीकडे जा. आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नळीवरचं हाड विरळ असेल तर आवाजाने खरंच चक्कर येते. १९९८ मध्ये लॉइड मायनर आणि सहकाऱ्यांनी हा आजार वर्णन केला. तो दुर्मीळ आहे, पण तपासता येतो आणि त्यावर उपचारही आहेत.

सेशननंतर कानात शिटी वाजत राहिली किंवा दुसऱ्या दिवशीही दडे बसलेले असतील, तर आवाज जास्त होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. गाँगच्या अगदी जवळची मॅट घेऊ नका.

फिट येत असतील, पेसमेकर असेल किंवा गरोदर असाल, तर भांडं अंगावर ठेवून घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि झोप उडणं, धडधड, जुने प्रसंग डोळ्यांसमोर येणं हे काही दिवस चालूच राहिलं, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

जायचंच असेल तर

जा की! मी जाऊ नका म्हणत नाही. फक्त आधी तीन प्रश्न विचारा. मधेच उठून बाहेर जाता येईल का? डोळे उघडे ठेवले तर चालेल का? कोणाला त्रास झाला तर तुम्ही काय करता? तिसऱ्याचं उत्तर "त्रास म्हणजेच हीलिंग" असं आलं, तर पैसे वाचवा. चालू असलेल्या गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर लगेच बाहेर पडा.

सेशनमध्ये जड वाटायला लागलं तर डोळे उघडा, कुशीवर वळा, श्वास नेहमीचा होऊ द्या, हाताखालची जमीन चाचपा. संपल्यावर झटकन उभे राहू नका. तासभर आडवं पडून उठल्यावर रक्तदाब क्षणभर खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. मग घरी येऊन जे झालं ते साध्या शब्दांत लिहून ठेवा: किती वाजता, काय वाटलं, किती वेळ टिकलं. त्याचा अर्थ लावायची घाई नको.

माझी मैत्रीण सहा सेशनना गेली नाही. ती एका समुपदेशकाकडे जाते, आणि तिथे आईबद्दल बोलते. परवा चहाला म्हणाली, "मला बरं करायला नाही रे, ऐकायला कोणीतरी हवं होतं."

चला, आजच्या भागात एवढंच. असं काही होऊन गप्प बसलेलं कोणी तुमच्या ओळखीत असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात. ऐकत राहा, आणि आवाज जरा कमी ठेवून ऐका!