जुन्या शस्त्रांची ओळख : लेखांक सातवा – तोड्याची बंदूक

मागील लेखांकात पट्टा आणि धोप यांविषयी लिहून झाल्यावर या आठवड्यात भाल्याकडे वळावे असा माझा बेत होता; परंतु गेल्या रविवारी आमच्या माजिवड्यातील एका शाळेच्या सभागृहात एका संग्राहकांनी आपला शस्त्रसंग्रह लोकांस पाहण्यासाठी मांडला असता, तलवारींच्या रांगेपलीकडे भिंतीशी लावलेल्या मेजावर तोड्याच्या तीन बंदुका आडव्या ठेवलेल्या दिसल्या, आणि त्यांच्यापाशी सबंध दुपार कशी सरली हे मला कळले नाही. गर्दी सारी तलवारींभोवती होती. तलवारीचा मान मोठा आहे आणि तो असावाही. परंतु तटावर रात्रीच्या रात्री जागून किल्ला राखणाऱ्या शिबंदीचा भरवसा ज्या शस्त्रावर असे, त्याच्यापुढे कोणी क्षणभरही थांबू नये, याचे मला मनापासून वाईट वाटले.

तिन्हींपैकी मधली बंदूक साडेपाच फूट लांब, सडपातळ, आणि कुंदा शिसवाचा, पंचकोनी, जवळजवळ सरळ. विलायती बंदुकीच्या दस्त्याला खांद्याशी टेकण्यासाठी जो रुंद उतार असतो तो येथे नाही. नळी कुंद्याला स्क्रूने नव्हे, तर चामड्याच्या वाद्यांनी आवळलेली. खिडकीतून येणाऱ्या उजेडात ती नळी किंचित फिरवली, तेव्हा तिच्या अंगावर संथ पाण्यावर वारा उठावा तशा बारीक लहरी दिसू लागल्या. ही केवळ शोभा नव्हे. लोखंडाची पट्टी तापवून ती गजाभोवती मळसूत्राप्रमाणे गुंडाळावयाची आणि ठोकून ठोकून तिचे वेढे एकजीव करावयाचे, अशा रीतीने ही नळी घडते. त्यामुळे धातूचे तंतू नळीभोवती वळसे घालीत जातात, आणि उभा सांधा ठेवून केलेली नळी जेथे दारूच्या जोराने उकलण्याची भीती असते, तेथे ही टिकाव धरते. ज्या लोहाराने ती घडवली त्याने ताण आणि दाब यांचे गणित कागदावर मांडले नसेल, पण ते त्याच्या हातास पक्के अवगत होते.

बार उडवण्याची कृती सांगतो, कारण ती समजल्यावाचून या शस्त्राचे सामर्थ्य आणि दौर्बल्य दोन्ही समजत नाहीत. शिंगड्यातून मापाने दारू नळीत ओतावयाची, तीवर गोळी सोडावयाची, गजाने ठासावयाची. मग नळीच्या मुळाशी बाजूस असलेल्या कानात बारीक दारू, म्हणजे रंजक, भरून त्यावरचे झाकण लोटावयाचे. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात मुरवून वाळवलेली सुताची वात. ती संथ धुमसत राहते. नेम धरताना तिची राख फुंकून निखारा उघडा करावयाचा, झाकण बाजूस सारावयाचे आणि चाप दाबावयाचा. म्हणजे तोडा धरणारी लोखंडी चिमटी खाली वाकून कानात उतरते, रंजक पेटते, आणि त्याची ज्वाळा बारीक छिद्रातून आत जाऊन बार होतो. छिद्र काजळीने बुजू नये म्हणून एक सुई साखळीने बंदुकीलाच जोडलेली असे; रविवारी पाहिलेल्या बंदुकीची साखळी शाबूत होती, सुई मात्र गेली होती.

आता या साऱ्या खटाटोपावर ठाण्याचा आषाढ कोसळत आहे अशी कल्पना करावी. तोडा विझतो, रंजक चिखल होते. मराठ्यांनी ठाण्याचा अपुरा किल्ला १७३७ च्या पावसाळ्यापूर्वी घेतला, आणि वसई १७३९ च्या मे महिन्यात सर केली. दसऱ्याला सीमोल्लंघन आणि मृगापूर्वी आवराआवर या क्रमामागे नद्यांचे पूर जसे होते तशी ओली दारूही होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीपासून दूर असावा, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण बाहेर काढवून उन्हात द्यावेत व पुन्हा मुद्रा करून ठेवावेत, अशी ताकीद आहे. पूर्वी मला हे कलम कारकुनी काटेकोरपणाचे वाटत असे. तो रिकामा कान बोटाने चाचपून पाहिल्यावर मात्र गडाचे सारे रक्षण त्या चिमूटभर कोरड्या रंजकावर उभे होते, हे मला प्रथमच नीट उमगले.

इतकी लांब नळी कशासाठी, असा प्रश्न शेजारी उभ्या असलेल्या एका मुलाने विचारला. याचे उत्तर देताना मला अटलांटिकपलीकडील एका बंदुकीची आठवण झाली. अठराव्या शतकात अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतात, विशेषतः लँकेस्टरच्या परिसरात, जर्मनीहून आलेल्या कारागिरांनी आपल्या मायदेशीच्या आखूड, जाड शिकारी रायफलीची नळी वाढवीत वाढवीत ४२ ते ४६ इंचांपर्यंत नेली आणि तिचे तोंड बारीक केले. जंगलात महिनोन् महिने हिंडणाऱ्या शिकाऱ्यास शिसे आणि दारू पुरवून वापरणे भाग होते. बारीक गोळीस शिसे थोडे लागते, आणि काळी दारू सावकाश जळणारी असल्यामुळे लांब नळीत तिचा जोर वाया जात नाही. शिवाय माशी डोळ्यापासून जितकी दूर, तितका नेम चोख. हीच कारणे आपल्या लोहारासही लागू होती.

भेद आहे तो नळीच्या आत. आपल्याकडील बहुतेक नळ्या आतून गुळगुळीत. अमेरिकन नळीत पेचदार खाचा. चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गोळी गुंडाळून आत ठासली, की ते कापड खाचांना घट्ट बिलगते, बार होताच गोळी स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडते आणि वाट सोडीत नाही. गुळगुळीत नळीचा शंभर वारांपलीकडे भरवसा नसे. ही रायफल दोनशे वारांवर माणूस टिपी. मात्र ती भरावयास वेळ फार लागे. ते कापडाचे तुकडे ठेवण्यासाठी मेपलच्या पट्टेदार लाकडात पितळी झाकणाची लहानशी पेटी कोरलेली असे, आणि त्या झाकणाच्या वळणावरून बंदूक कोणत्या परगण्यातली हे तेथील जाणकार आज प्रदर्शनांत ओळखतात. पुष्कळदा त्यांना तेवढेही करावे लागत नाही, कारण नळीच्या माथ्यावर कारागिराने आपले नावच कोरलेले असते.

आमच्या मेजावरील तिन्ही नळ्या मी डोळ्यांत तेल घालून पाहिल्या. एकीवर सिलेखान्याचा म्हणून देवनागरी आकडा होता. नाव कोणाचेही नव्हते. मालकाची नोंद राहिली, करणाऱ्याची राहिली नाही. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरले, आणि भयापोटी विहिरीत टाकलेल्या किंवा मोडीत घातलेल्या बंदुकांची आठवण अनेक घराण्यांत अजून सांगितली जाते. जी दुरुस्त करूनही उडण्याजोगी राहिलेली नाही अशा पुराणवस्तूस १९५९ च्या कायद्यात सूट आहे. म्हणून ज्यांच्या माळ्यावर असे काही पडून असेल त्यांनी ते भंगारवाल्यास देण्यापूर्वी जाणत्यास दाखवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

निघताना संग्राहकांनी एक वादी सैल करून नळी कुंद्यातून अलगद उचलली. वरच्या बाजूस, कानाच्या बिजागरीत, कित्येक खंडेनवम्यांची हळद घट्ट बसली होती. खालची बाजू लाकडात झाकलेली राहणारी, म्हणून कोणी घासली नव्हती, तिला तकाकी आणली नव्हती; तेथे हातोडीचे घाव जसेच्या तसे, एकापुढे एक, मुळापासून तोंडापर्यंत उमटलेले होते. एका खळग्यात मी अंगठा ठेवला. तो बरोबर बसला.

(क्रमशः)