प्रयोगाचे ‘चुकलेले’ उत्तर

प्रात्यक्षिक परीक्षांचा हंगाम जवळ आला की पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळांतून एक वाक्य हमखास कानी पडते: ‘प्रयोग चुकला, पुस्तकातले उत्तर आले नाही’, आणि त्याच्या जोडीला वरच्या वर्गातील अनुभवी विद्यार्थ्यांचा सल्लाही, की आधी उत्तर लिहावे आणि मग उलट्या क्रमाने आकडेमोड करीत निरीक्षणांचा तक्ता भरून काढावा. ग्रंथांतरी सिद्ध झालेल्या सत्याला विद्यार्थ्याने येऊन मान तुकवावी, एवढ्यासाठीच प्रयोगशाळा बांधलेली असते, ही या सल्ल्यामागची समजूत इतकी रूढ झाली आहे, की कित्येक शिक्षकही तिला कसूर मानीत नाहीत.

साध्या लंबकाचेच उदाहरण घ्या. गुरुत्वीय त्वरणाची ‘खरी’ किंमत म्हणून विद्यार्थी ९८१ सेंटिमीटर प्रति वर्ग सेकंद हा आकडा जुळवीत बसतो. परंतु ही किंमत स्थलपरत्वे बदलते, विषुववृत्तावर सुमारे ९७८ तर ध्रुवांवर सुमारे ९८३ असते, आणि मुंबईत ती सुमारे ९७८.६ आहे. म्हणजे मुंबईचा विद्यार्थी ज्या आकड्यासाठी आपली निरीक्षणे खोडतो, तो आकडा मुंबईचा नव्हेच! शिवाय घड्याळाची कळ दाबताना माणसाच्या हातून ०.२ सेकंदाची चूक सहज होते. मीटरभर लांबीच्या लंबकाची २० आंदोलने साधारण ४० सेकंदांत पुरी होतात, तेव्हा आंदोलनकाळात अर्ध्या टक्क्याची आणि त्या काळाचा वर्ग करावा लागत असल्यामुळे अंतिम उत्तरात एक टक्क्याची, म्हणजे सुमारे १० एककांची, त्रुटी संभवते. अशा साधनांनी ९७१ उत्तर काढणाऱ्या मुलाने प्रयोग उत्तम केला आहे. ज्याचे उत्तर प्रत्येक वेळी बिनचूक ९८१ येते, त्याच्या वहीवर मात्र परीक्षकाने संशय घ्यावा.

याच लंबकाचा एक ऐतिहासिक दाखला आहे. १६७२ साली झाँ रिशे हा फ्रेंच ज्योतिषी दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले, आणि सेकंदाचा ठेका धरण्यासाठी लंबकाची लांबी किंचित, तीन मिलिमीटरांहूनही कमी, आखूड करावी लागली. पॅरिसचा आकडा प्रमाण मानून त्याने ती नोंद दडपली असती, तर पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे हे प्रतिपादन करताना न्यूटनला १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त तिचा आधार मिळाला नसता. तीच गोष्ट लॉर्ड रॅली यांची. हवेतून मिळविलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांतून मिळविलेल्या नायट्रोजनापेक्षा सुमारे एक सहस्रांशाने जड भरतो, हे त्यांनी १८९२ साली ‘नेचर’मध्ये जाहीरपणे मांडले, आणि त्या न जुळणाऱ्या फरकाचा पाठपुरावा करताना १८९४ मध्ये रॅम्झी यांच्यासह त्यांना आरगॉन हा वायू सापडला. निरीक्षणवहीकडे पंचनाम्यासारखे पाहिले पाहिजे: जे दिसले ते, ज्या क्षणी दिसले त्या क्षणी, आणि खोडायचे झाल्यास जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारून.

किरकोळ गैरसमज आणखीही आहेत. महागडा सरंजाम असल्याखेरीज संशोधन होत नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात पूर्णत्वास गेलेल्या रामन यांच्या शोधाची प्रारंभिक निरीक्षणे सूर्यप्रकाश, रंगीत गाळण्या आणि उघडा डोळा यांच्याच साहाय्याने झाली होती. आकडे झळकविणारा तराजू अचूकच असतो असे नाही; तो आधी शून्यावर आणलेला नसेल तर त्याचे सारेच दशांश व्यर्थ. आणि संहत सल्फ्युरिक आम्लात पाणी ओतले काय किंवा पाण्यात आम्ल ओतले काय, सारखेच, ही समजूत तर सरळसरळ घातक आहे: आम्लच पाण्यात, हळूहळू, ढवळीत सोडावयाचे असते, कारण उलट केल्यास वर पडलेले पाणी तत्क्षणी उकळून आम्लासह अंगावर उडते.

परीक्षकांना विनंती एवढीच, की अंतिम उत्तराखाली खूण करण्यापूर्वी त्यांनी विद्यार्थ्याची कच्ची नोंद मागून पाहावी, आणि ९७१ लिहून आपल्या मापनातील त्रुटीचा हिशेब देणाऱ्या मुलाचे गुण कापू नयेत.