बेकारी भत्ता आणि राजीनाम्याचा कागद

नोकरी जाते तेव्हा ती बहुधा दुपारी जाते. साहेबांनी आत बोलावले आहे असा निरोप येतो. आत गेल्यावर बसायला सांगितले जाते, आणि ही गोष्ट नेहमीची नसल्याने छातीत धस्स होते. मग कामाचे प्रमाण घटल्याचे, वरून आदेश आल्याचे, ‘आम्हालाही वाईट वाटते’ असे सांगून झाल्यावर एक टंकलिखित कागद पुढे सरकवला जातो. त्यावर लिहिलेले असते : ‘मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे.’ सही केली तर चालू महिन्याचा पगार आणि अनुभवाचा दाखला आजच मिळेल. न केली तर ‘मग आम्हाला दुसरा मार्ग पाहावा लागेल’. माणूस सही करतो. घरी जाऊन बायकोला काय सांगायचे, या विचारात तो असतो. आपण नेमक्या कोणत्या वाक्याखाली सही केली, याकडे त्याचे लक्ष नसते.

आपल्या देशात बेकारी भत्ता मुळी नाहीच, असा सुशिक्षितांचाही समज आहे. तो बरोबर नाही. भत्ता आहे, तुटपुंजा आहे, अटींनी जखडलेला आहे, पण आहे. तो मिळणार की नाही, हे मात्र वर सांगितलेल्या कागदावर पुष्कळसे ठरून गेलेले असते.

राज्यघटनेच्या 41 व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य आणि आजारपण यांत सार्वजनिक साहाय्य देण्याची तरतूद राज्यसंस्थेने करावी असे म्हटले आहे. अर्थात ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. ही मर्यादा आपण मोठ्या निष्ठेने पाळली. 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला तेव्हा त्यात आजारपण आले, बाळंतपण आले, कामावरील अपघात आला. बेकारी आली नाही. इंग्लंडने आपल्या 1911 च्या विमा कायद्यात काही उद्योगांपुरती का होईना बेकारीची सोय केली होती. 1953 साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन कपात झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन मिळू लागले. ही नुकसानभरपाई मालकाने द्यायची. बुडालेल्या मालकाकडून ती किती जणांच्या पदरात पडली, हा भाग वेगळा. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यांतल्या फार मोठ्या संख्येला पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. त्या काळात लालबाग-परळच्या चाळींत जे घडले, ते पाहिलेल्या वाचकांना मी अधिक सांगण्याची गरज नाही. विम्याच्या वर्गण्या भरलेल्या त्या माणसांसाठी विम्याच्या कायद्यात बेकारी हा शब्दच नव्हता.

तो शब्द यायला 2005 साल उजाडले. त्या वर्षीच्या 1 एप्रिलपासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली. कारखाना बंद पडला किंवा कपात झाली तर विमाधारकाला निम्मे वेतन. आरंभी सहा महिने, पुढे मुदत वाढत जाऊन पहिले वर्ष निम्मे आणि दुसरे वर्ष पाव. त्यानंतर 1 जुलै 2018 पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. ती आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त नव्वद दिवसांपुरती आणि सरासरी दैनिक मिळकतीच्या केवळ पाव हिश्श्याची होती. 2020 च्या टाळेबंदीत सरकारलाही ते प्रमाण ओशाळवाणे वाटले असावे. पावाचे निम्मे झाले, नव्वद दिवस थांबण्याऐवजी तीस दिवसांनी दावा करता येऊ लागला, आणि या सवलतींना पुढेही मुदतवाढ देण्यात आली. महिना पंधरा हजार मिळवणाऱ्या माणसाला पाव हिश्श्याने तीन महिन्यांचे सव्वाअकरा हजार मिळाले असते. निम्म्याने साडेबावीस हजार होतात. मुंबईत यात खोलीचे भाडे निघेल, पुण्यात कदाचित भाडे आणि किराणा. पण वाण्याची उधारी थकू न देता नवी नोकरी शोधायला मिळालेले तीन महिने हा मध्यमवर्गीय संसारात मोठाच दिलासा असतो.

हा दिलासा मागायला गेलेल्याची मात्र परीक्षा होते. 2018 च्या योजनेत दावा जुन्या मालकाकडून पुढे पाठवला जाण्याची अपेक्षा होती. म्हणजे ज्याने काढले, त्याच्याच दारात ‘तुम्ही मला काढले असे लिहून द्या’ म्हणून उभे राहायचे. शिवाय वीस रुपयांच्या मुद्रांक कागदावर शपथपत्र! 2020 साली दावा थेट शाखा कार्यालयात देण्याची मुभा मिळाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात शपथपत्राची अटही गेली. या दोन्ही गोष्टींबद्दल महामंडळाचे मोकळेपणाने अभिनंदन केले पाहिजे. पण मूळ गाठ सुटली नाही. गैरवर्तनाबद्दल शिक्षा, वयोमानाने निवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती यांमुळे काम गेले असेल तर भत्ता नाही, असा नियम आहे. नियम म्हणून तो रास्तच. पण काम का गेले, हे ठरवायचे कशावरून? मालकाने वर्गणीच्या तपशिलात नोंदवलेल्या कारणावरून, आणि अर्जदाराच्या हातातल्या कागदावरून. स्वतःच्या सहीने ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे लिहून दिलेल्या माणसाला स्वेच्छेच्या रकान्यात ढकलायला कितीसा वेळ लागतो? त्याच कागदामुळे कपातीची नुकसानभरपाईही जाते, कारण कायद्याच्या व्याख्येत स्वेच्छेने सोडणे म्हणजे कपात नव्हे. एका सहीने मालकाची देणी फिटतात, महामंडळाचे पैसे वाचतात आणि सगळा भार त्या कुटुंबावर पडतो.

येथे एक आक्षेप ठरलेला आहे : भत्ता सैल केला तर लोक आळशी होतील. तीन महिन्यांच्या अर्ध्या पगारावर, आयुष्यात एकदाच, आळशी होण्याची कला कोणाला साधली असेल तर ती शिकण्यासारखीच म्हटली पाहिजे. आणि हा दानधर्म नव्हे, विमा आहे. जुलै 2019 पासून वेतनाच्या पाऊण टक्का वर्गणी कामगाराकडून आणि सव्वातीन टक्के मालकाकडून घेतली जाऊ लागली. वेतनाची मर्यादा 2017 पासून एकवीस हजारांची. त्याहून थोडे अधिक मिळवणारा कारकून तर या छत्राबाहेरच उभा राहिला.

शिक्षकांची स्थिती आणखी चमत्कारिक. 1988 साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ नव्हे. तेव्हा कपात, नुकसानभरपाई हे सारे त्याच्यासाठी परके. पण त्याच शिक्षकासाठी महाराष्ट्राने 1977 च्या खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायद्यात एक शहाणपणाचे कलम घालून ठेवले आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रश्नाची किल्ली तेथे आहे. सातव्या कलमानुसार राजीनामा द्यायचा असेल तर कर्मचाऱ्याने दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. संस्थाचालकांच्या खोलीत राजीनामे कसे ‘घेतले’ जातात, हे ते कलम लिहिणाऱ्याला चांगलेच ठाऊक असले पाहिजे. ज्याला खरोखर नोकरी सोडायची आहे तो टपाल कचेरीपर्यंत चालत जाईल. ज्याच्याकडून ती सोडवून घ्यायची आहे, त्याला त्या वाटेवर विचार करायला वेळ मिळेल. (नोंदणीकृत टपाल 2025 साली स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. पावती मिळते, तेवढे पुरे.)

हीच रीत प्रत्येक आस्थापनेला का लागू करू नये? 21 नोव्हेंबर 2025 पासून एकोणतीस कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या. कपात झालेल्या कामगारामागे पंधरा दिवसांचे वेतन मालकाने पुनर्कौशल्य निधीत भरावे, आणि ते पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जावे, अशी नवी तरतूद त्यांत आहे. चांगली आहे. पण मुदतबंद नेमणुकीची मुदत संपणे ही कपात नव्हे, असेही तेथे लिहिले आहे. आणि राजीनाम्याला तर कसलेच बंधन नाही. कपात जितकी महाग होईल, तितका तो टंकलिखित कागद मालकाला स्वस्त वाटू लागेल.

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच राज्याचे आहे. रोजगार हमीसाठी 1975 साली व्यवसाय कर बसला आणि शहरातल्या कारकुनाच्या, मास्तराच्या पगारातून तो कापला जाऊ लागला. 1977 च्या रोजगार हमी कायद्यात काम न दिल्यास बेकारी भत्त्याची तरतूद होती. प्रत्यक्षात तो फार थोड्यांच्या हाती पडला, हे खरे. परंतु त्या कायद्याने मजुराला तुझे मागचे काम कोणी आणि का काढले, असे विचारले नव्हते. तुला काम हवे आहे काय, एवढेच विचारले होते. शहरातल्या बेकाराला हा प्रश्न कोणी विचारत नाही.

नियम बदलेपर्यंत ज्याच्यापुढे तो कागद सरकवला जाईल त्याने काय करावे? शक्य असेल तर तेथे सही करू नये; ‘उद्या सांगतो’ म्हणून उठावे आणि काढायचे असेल तर तसे लेखी द्या, असे म्हणावे. वेतनपत्रके, ओळखपत्र, हजेरीची नोंद यांच्या प्रती घरी आणून ठेवाव्यात. विम्याच्या नोंदीतले आपले नाव, आधार क्रमांक आणि बँक खाते एकमेकांशी जुळते की नाही, हे नोकरी असतानाच पाहावे. आणि सही होऊनच गेली असेल, तर त्याच दिवशी, सहानंतर टपाल कचेरी बंद असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, ‘ही सही माझ्याकडून दबावाने घेतली गेली’ असे चार ओळींचे पत्र तारखेसह पाठवून पावती जपून ठेवावी.

कर्मचारी राज्य विम्याच्या शाखा कार्यालयात खिडकीपलीकडे बसलेला माणूसही कारकूनच असतो. त्याला समोरच्याची कीव येत नसेल असे नाही. पण त्याच्या फायलीत कीव लावता येत नाही, पावती लावता येते.