माहिती चौकट : लुईझ बँक्स

जन्म : 1941, दार्जिलिंग. नेपाळी घराणे. वडील जॉर्ज बँक्स ट्रम्पेटवादक. लुई आर्मस्ट्राँगवरून त्यांनी मुलाचे नाव ठेवले.

कोलकाता : पार्क स्ट्रीटवरच्या ‘ब्लू फॉक्स’ रेस्टॉरंटमध्ये बँड. गायिका पॅम क्रेन आणि गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांची साथ.

मुंबई : आर. डी. बर्मन यांच्या आग्रहामुळे 1970च्या दशकात सिनेसंगीतात प्रवेश. पुढे जाहिरातींच्या असंख्य जिंगल.

वेगळेपण : पियानोवर जॅझ, सोबत कर्नाटक संगीतातील राग आणि ताल. गायिका रमामणी यांच्यासह केलेले इंडो-जॅझ प्रयोग गाजले. इथे राग नुसता सजावटीला नव्हता. इम्प्रोव्हायझेशनच्या, म्हणजे ऐनवेळी सुचणाऱ्या वादनाच्या, मुळाशीच तो होता.

घराघरांत : ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ (1988). संगीतकार अशोक पत्की यांच्यासोबत या गीताच्या संगीतात मोठा वाटा. जॅझ कधीच न ऐकलेल्या मराठी घरांतही त्यांचे काम असे पोहोचले.

ग्रॅमी : 2008 सालच्या ‘माइल्स फ्रॉम इंडिया’ आणि जॉन मॅकलॉफलिन यांच्या ‘फ्लोटिंग पॉइंट’ या अल्बममध्ये वादन. दोन्ही अल्बमना एकाच वर्षी, एकाच विभागात नामांकन.

वारसा : ‘भारतीय जॅझचे पितामह’ ही ओळख. मुलगा जिनो बँक्स नामवंत ड्रमवादक.