चाकाचा बोल्ट ढिला कां होतो?

मंचरहून नारायणगांवकडे मोटारीनें जाणाऱ्या प्रवाशास कांद्याच्या पिशव्या किंवा टोमॅटोचे क्रेट भरलेली ट्रॉली ओढीत चाललेला लहानसा ट्रॅक्टर हमखास भेटतो. पुष्कळदां चालकाशेजारीं, मागील चाकावरच्या पत्र्यावर, घरांतलाच एखादा मुलगा बसलेला असतो. शहरी मनुष्य त्या मंदगतीला कंटाळतो, वाट काढून पुढें जातो आणि तें दृश्य विसरतो. परंतु ज्या चाकाच्या अगदीं जवळून त्याची मोटार गेली, तें चाक मोजक्या बोल्टांनींच धरलेलें असतें. ते बोल्ट शेवटीं कोणी, केव्हां आणि कसे आवळले, यावर त्या मुलाची आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाची सुखरूपता अवलंबून असते.

जुन्नर आणि आंबेगांव या तालुक्यांत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. माणिकडोह, येडगांव, वडज, पिंपळगांव जोगे आणि डिंभें हीं धरणें याच दोन तालुक्यांतलीं. पाण्याच्या सोयीमुळें पूर्वेकडे ऊंस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षें होतात. पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशींत भात होतो. अशा शेतींत लहान ट्रॅक्टरचें चाक एका जागीं कायम राहत नाहीं. द्राक्षाच्या दोन ओळींमधून जावयाचें तर दोन चाकांतील अंतर कमी करावें लागतें. सरी-वरंब्याच्या पिकांत तें वाढवावें लागतें. पुष्कळ ट्रॅक्टरांत त्यासाठीं चाकाची तबकडी उलटी फिरवून बसवितात. भातखाचरांत चिखलणीसाठीं रबरी चाकें काढून लोखंडी चाकें चढविण्याचीहि पद्धत आहे. म्हणजे मोटारीचे बोल्ट पंक्चर झाल्याखेरीज सहसा उघडत नाहींत, तर येथील ट्रॅक्टरचे बोल्ट हंगामागणिक उघडतात. आणि जितक्या वेळां ते उघडतात, तितक्या वेळां ढिले राहण्याचा धोका असतो.

बोल्ट म्हणजे चाकांतून आरपार घातलेली एक खुंटी, आणि ट्रॅक्टरचा भार त्या खुंटीवर लटकलेला असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नव्हे. खरें काय तें समजण्यास बैलगाडीच्या चाकाकडे पाहावें. लांकडी चाकावर लोहार लोखंडी धाव चढवीत असे. ही धाव चाकाच्या घेराहून किंचित् लहान करावयाची, तापवून फुगवावयाची, चाकावर बसवावयाची आणि वरून पाणी ओतावयाचें. थंड होतांना ती आकसे आणि सर्व आरे तुंब्याशीं घट्ट दाबून धरी. चाक एकसंध राही तें धावेच्या अंगांत उरलेल्या ताणामुळें. उन्हाळ्यांत लांकूड सुकून थोडेंसें आकसलें कीं तो ताण नाहींसा होई, धाव खुळखुळूं लागे, आणि गाडीवान चाकें पाण्यांत भिजवून लांकूड पुन्हां फुगवी.

ट्रॅक्टरचा बोल्टहि असाच ताणलेला असतो. नट आवळला म्हणजे पोलादी बोल्ट लांब होतो आणि आकसण्याच्या ओढीनें चाकाची तबकडी हबवर दाबून धरतो. त्या दाबापासून उत्पन्न होणारें घर्षण भार पेलतें आणि चाक फिरवितें. जोंवर दाब पुरेसा आहे तोंवर बोल्टावर आडवा भार जवळजवळ येतच नाहीं. परंतु हें ताणणें किती असतें? ५० मिलीमीटर लांबीचा बोल्ट चांगला आवळला असतां सुमारें ०.१ मिलीमीटर लांबतो, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीइतका! साऱ्या चाकाची सुरक्षितता या एका कागदाएवढ्या अंतरांत सांठविलेली असते.

आतां बोल्ट ढिला कां होतो, हें सहज कळेल. तबकडी आणि हब यांच्यामध्यें रंगाचा थर, गंज किंवा सुकलेला चिखल राहिला, तर चार-सहा तासांच्या कामांत तो चिरडून निघतो. ०.०५ मिलीमीटरचा थर नाहींसा झाला तरी बोल्टाचा निम्मा ताण गेला. नट जागचा हललेला नसतो, तरीहि पकड अर्धी झालेली असते. मग खांचखळग्यांत तबकडी हबवर आडवी सरकूं लागते. अशा आडव्या सरकण्यानें नट आपोआप उलटा फिरत जातो, हें जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यानें १९६९ सालीं प्रयोगानें दाखवून दिलें. निव्वळ स्प्रिंग वॉशर घातल्यानेंहि तें टळत नाहीं. पुढें भोंकें लांबट होतात, बोल्टाला आलटून पालटून वांक बसतो आणि एके दिवशीं तो तुटतो. उरलेल्यांवर अधिक भार पडून तेहि लवकरच त्याच वाटेनें जातात.

यावर उपाय म्हणून पान्याला लांब पाईप लावून जोर करणें, हाहि अविचारच. अर्धा मीटर लांबीच्या पान्यावर २० किलोचा जोर दिल्यास १० किलोग्रॅम-मीटर पीळ बसतो. दीड मीटरच्या पाईपनें तोच जोर ३० होतो. त्यानें बोल्ट आपली लवचिकता गमावून कायमचा लांबतो, आणि त्याची पकड पुढें भरंवशाची राहत नाहीं. शिवाय दिलेल्या पिळापैकीं साधारण ९० टक्के भाग नटाखालील आणि आट्यांमधील घर्षणांतच खर्ची पडतो. जेमतेम १० टक्के ताणासाठीं उरतो. म्हणूनच पुस्तिकेंत सांगितलेलें नसतां आट्यांना तेल लावूं नये. तेलानें घर्षण घटतें आणि तितक्याच पिळांत बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो.

योग्य रीत साधी आहे. तबकडी आणि हब यांचे पृष्ठभाग तारेच्या ब्रशानें स्वच्छ करावे. सर्व नट प्रथम हातानें बसवावे, मग शेजारचा न घेतां समोरासमोरचा असा क्रम धरून टप्प्याटप्प्यानें आवळावे, म्हणजे चाक सरळ बसतें. शेवटचें आवळणें चाक जमिनीवर टेकवून आणि पीळ मोजणाऱ्या पान्यानें, पुस्तिकेंतील आंकड्याप्रमाणें करावें. रिम आणि तबकडी जोडणारे बोल्ट वेगळे असतात. तेहि विसरूं नयेत. मुख्य गोष्ट यापुढची: पहिल्या कांहीं तासांच्या कामानंतर सर्व नट पुन्हां तपासावे, आणि ते हलेनासे होईपर्यंत रोज तपासावे. हें दुसरें आवळणें म्हणजे चिरडलेल्या थराची भरपाई होय. तें टाळलें तर पहिलें व्यर्थ जातें.

नटावरून तबकडीपर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली कीं नट फिरला असें समजावें. नटाखालून तांबूस गंजाचा ओघळ आला, भोंकाभोंवतीं धातु चकाकूं लागला किंवा चाकांतून टकटक ऐकूं आली, तर ट्रॅक्टर तेथेंच थांबवावा. भोंक लांबट झालें असेल तर नुसतें आवळून भागत नाहीं. तबकडी आणि बोल्ट बदललेच पाहिजेत.

वडिलार्जित शेत वाट्यानें देऊन शहरांत राहणारीं अनेक कुटुंबें सुटींत गांवीं जातात, आणि मुलें हौसेनें ट्रॅक्टरवर चढतात. त्या पत्र्यावर मुलाला बसूं न देणें हें पहिलें कर्तव्य. दुसरें म्हणजे, “चाकें बदलल्यावर बोल्ट दुसऱ्यांदा आवळले का?” एवढें विचारणें. विचारण्यास क्षणभर लागतो आणि आवळण्यास फार तर पाव तास. कागदाएवढ्या त्या ताणाची राखण यांतच होते.