पुतण्याचे विमान आणि वाऱ्याची वाट

गेल्या उन्हाळ्यात मी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पुतण्याकडे जाऊन आलो. गेलो होतो तिकडची शेती बघायला, पण निम्मे दिवस त्याच्या गॅरेजमध्येच गेले. हा पठ्ठ्या तेथे स्वतःच्या हाताने दोन माणसांचे विमान बांधतो आहे! तिकडच्या कायद्यात तशी सोय आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनीच केलेले हवे आणि तपासणी झाल्याशिवाय उडायचे नाही. त्याच राज्यात ऑशकॉशला जुलैत अशा विमानांची मोठी जत्रा भरते.

मी पोचलो तेव्हा काम इंजिनापाशी अडले होते.

इंजिनाचे चार सिलिंडर, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे. रेडिएटर नाही. तुमच्या मोटारसायकलसारख्या फिन्स, आणि त्यांतून जाणारा वारा हाच थंडावा. विमानाच्या नाकाशी दोन भोके असतात. तेथून शिरलेला वारा इंजिनाच्या वर कोंडायचा, फिन्समधून खाली दाबायचा आणि पोटाखालून बाहेर सोडायचा. कोंडण्यासाठी इंजिनाभोवती पातळ ॲल्युमिनियमच्या भिंती असतात, त्या बॅफल. वरून फायबरचे झाकण, ते काउलिंग. चारीला भोक पडले की पाणी शेवटच्या सरीला पोचत नाही, तसेच येथे. वारा फटीतून पळतो आणि सिलिंडर तापतो. या जातीच्या लायकमिंग इंजिनाला सिलिंडर हेडचे तापमान 260 अंश सेल्सिअसच्या वर जाऊन चालत नाही. आकाशात गाडी कडेला घेता येत नाही, हे वेगळे सांगायला नको.

(तुमच्या पाठीवरच्या पॉवर स्प्रेअरच्या इंजिनावरचे आवरण हेच काम करते. दुरुस्तीनंतर ते तसेच बाजूला ठेवून मशीन चालवणारे मी कितीतरी पाहिले आहेत!)

"काका, मी उलटे केले," पुतण्या म्हणाला. त्याने बॅफल आधी कापले आणि काउलिंग मागून बसवायला घेतले. पण काउलिंगची जागा ठरते पंख्यापुढच्या टोपीवरून. तिच्याशी जुळवल्यावर झाकण डावीकडे बोटभर वर बसले आणि तेथली भिंत तोकडी पडली. कापलेला पत्रा काही वाढत नाही. ती भिंत नवीन करावी लागली.

मग रीतसर क्रम लावला. टोपी पक्की, तिच्यावरून काउलिंग पक्के, त्यानंतर उंच ठेवलेल्या भिंती. त्यांच्या काठावर कागदाला लावायच्या साध्या तारेच्या क्लिपा अर्ध्या वर काढून खोचायच्या. झाकण दाबले की त्या खाली सरकतात आणि छत कोठे येते ते कळते. थोडे कापा, पुन्हा झाकण लावा. एकदम कापायचे नाही. किती वेळा काढले-घातले ते मोजायचे मी सोडून दिले.

शेवटी सुमारे एक सेंटिमीटर फट राखायची. इंजिन रबरावर बसवलेले, सुरू होताना चांगलेच हलते. पत्रा झाकणाला टेकला तर फायबर कापून काढील. ती फट सिलिकॉन रबराच्या पट्टीने बुजवतात. पट्टी आतल्या बाजूला झुकलेली हवी, म्हणजे वारा तिला झाकणावर दाबून धरतो. बाहेर दुमडली तर वारा निसटलाच.

रात्री इंजिनाखाली दिवा ठेवून आम्ही नाकाच्या भोकांतून पाहिले. फिन्सचा उजेड सोडून मागच्या कोपऱ्यात आणखी दोन ठिपके दिसले. पुतण्या सिलिकॉनची नळी आणायला गेला.